विश्लेषण : हार्पच्या सात पेडलांना चित्रलिपी देणारे कार्लोस साल्झेडो कोण होते?

ऑर्केस्ट्रातील हार्पवादकाचे हात ४७ तारांवर असतात आणि दोन पायांना सात पेडल सांभाळावी लागतात. एक पेडल चुकले, की त्या स्वराच्या सर्व सप्तकांतील तारा चुकतात. ही सगळी मांडणी एका नजरेत वाचता येईल अशा चित्रात बसवली ती कार्लोस साल्झेडो यांनी. संगीत छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्या खुणा आजही वापरल्या जातात.

साल्झेडो कोण होते?

त्यांचा जन्म १८८५ मध्ये फ्रान्समधील आर्काशाँ येथे झाला. १९०१ मध्ये पॅरिस कॉन्झर्व्हेटरीत हार्प आणि पियानो या दोन्हींचे प्रथम पारितोषिक त्यांनी एकाच दिवशी मिळवले. १९०९ मध्ये संगीत संचालक टोस्कानिनी यांच्या निमंत्रणावरून ते न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात दाखल झाले. १९२४ मध्ये फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी हार्प विभाग सुरू केला.

पेडलचे चित्र कसे वाचतात?

एका आडव्या रेषेवर सात छोट्या उभ्या रेघा असतात. मधली लांब रेघ डाव्या पायाची तीन आणि उजव्या पायाची चार पेडल वेगळी दाखवते. छोटी रेघ आडव्या रेषेच्या वर असेल तर स्वर फ्लॅट, मध्यावर असेल तर नॅचरल आणि खाली असेल तर शार्प. पेडलही तसेच वर, मध्ये किंवा खाली अडकवायचे असते.

नव्या खुणांची गरज का पडली?

दिवाणखान्यातले नाजूक वाद्य ही हार्पची ओळख साल्झेडो यांना पुरेशी वाटत नव्हती. जाड तारा एकमेकींवर आपटवून गडगडाट, तारेवर हात सरकवून शिट्टीसारखा आवाज असे प्रकार त्यांनी रुळवले. पण कागदावर खूण नसेल, तर असा आवाज दुसऱ्या वादकापर्यंत पोहोचणार कसा? म्हणून १९२१ च्या ‘मॉडर्न स्टडी ऑफ द हार्प’मध्ये त्यांनी अशा आवाजांना नावे आणि चिन्हे दिली.

सॉफ्टवेअरमध्ये काय बदलले?

पूर्वी संगीताच्या फॉन्टमध्ये चिन्हांच्या जागा एकसारख्या नव्हत्या. फॉन्ट बदलला, की चिन्हाच्या जागी भलतेच काही उमटण्याची भीती असे. २०१३ मध्ये आलेल्या ‘स्मफल’ या खुल्या मानकाने प्रत्येक चिन्हाला ठरावीक क्रमांक दिला. त्यात पेडलचित्राच्या रेघा आहेत आणि साल्झेडो यांच्या नावाने नोंदलेली वादनचिन्हेही आहेत.

साल्झेडो यांचे १९६१ मध्ये अमेरिकेतील मेन राज्यात निधन झाले. आज हार्पसाठी लिहिणारा संगीतकार त्यांचा गडगडाट एका क्लिकवर कागदावर उतरवू शकतो.