योगाला प्रयोगशाळेत नेणारे स्वामी कुवलयानंद

योगशिक्षक हा आज एक प्रतिष्ठेचा व्यवसाय मानला जातो. त्यासाठी अभ्यासक्रम आहेत, परीक्षा आहेत, रुग्णालयांत योगोपचाराचे विभागही आहेत. शंभर वर्षांपूर्वी मात्र योग ही गुरूने शिष्याच्या कानात सांगावयाची विद्या होती. सुशिक्षितांपैकी अनेकांना ती भाकडकथा वाटत असे, तर श्रद्धावंतांना चमत्कार. या दोहोंच्या मधून वाट काढून योगाला शास्त्राची शिस्त आणि योगशिक्षकाला व्यवसायाची जबाबदारी देणाऱ्यांमध्ये स्वामी कुवलयानंद यांचे नाव अग्रभागी आहे.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. गुजरातमधील डभोई येथे ३० ऑगस्ट १८८३ रोजी एका मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची होती, परंतु बुद्धी तीव्र होती. १९०३ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली आणि पुढील शिक्षण बडोद्यात घेतले. लोकमान्य टिळकांच्या राजकारणाने आणि बडोदा महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या अरविंद घोष यांच्या विचारांनी भारावलेला तो काळ होता. राष्ट्र उभारावयाचे तर माणसाचे शरीर आधी उभे राहिले पाहिजे, ही जाणीव तरुण गुणे यांच्या मनात तेव्हाच रुजली.

बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न प्रा. माणिकराव यांच्याकडे १९०७ ते १९१० या काळात त्यांनी भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. पुढे खानदेशातील अमळनेर येथे ते शिक्षणकार्यात रमले आणि १९१६ मध्ये तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. याच काळात नर्मदाकाठच्या मालसर येथे राहणारे परमहंस माधवदासजी त्यांना गुरू म्हणून लाभले. १९१९ पासून त्यांच्या सहवासात गुणे यांनी योगसाधना केली. गुरूंकडून मिळालेल्या अनुभवावर त्यांची निष्ठा होती. तथापि शरीरात नेमके काय घडते, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना.

१९२०-२१ मध्ये बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांची क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासणी केली. ज्या साधनेवर आपली श्रद्धा आहे तीच यंत्रापुढे उभी करणे, यात मोठी जोखीम होती. निष्कर्ष प्रतिकूल आला असता तर गुरुपरंपरेला उणेपणा आला असता. ती जोखीम त्यांनी जाणून घेतली.

१९२३ मध्ये अमळनेरचे महाविद्यालय बंद पडले. चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या या प्राचार्यांनी दुसरी नोकरी न शोधता १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. प्रयोगांचे अहवाल जगासमोर यावेत म्हणून त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक सुरू केले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा कमी होतो, हे त्यांनी दाबमापकाने दाखवून दिले. योगी पाण्यात बसून आतड्यात पाणी ओढून घेतो, या बस्तिक्रियेतील गूढ त्यामुळे उलगडले. दैवी शक्ती म्हणून सांगितली जाणारी गोष्ट स्नायूंच्या हालचालीची ठरली. या निर्वातस्थितीला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. श्रद्धा आणि शोधबुद्धी यांना एकमेकींचे वावडे नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

रुग्णांवरील उपचारांतही त्यांनी हीच दृष्टी ठेवली. कोणत्या प्रकृतीला कोणते आसन द्यावे, ते किती वेळ करवून घ्यावे, प्राणायाम केव्हा सुरू करावा, याचा विचार माणसागणिक व्हावा असा त्यांचा कटाक्ष असे. आहाराला त्यांच्या उपचारपद्धतीत महत्त्वाचे स्थान होते. पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवावा, असे हठयोगातील मिताहाराचे तत्त्व सांगते. साधकांसाठी असलेल्या या पथ्यविचाराला त्यांनी रुग्णाच्या दैनंदिनीत जागा दिली. आहार सुधारल्याविना केवळ आसनांनी आरोग्य लाभत नाही, ही त्यांच्या कार्यामागील धारणा होती. १९२७ मध्ये रक्तदाबाच्या त्रासाने प्रकृती खालावलेल्या महात्मा गांधींनीही त्यांचा सल्ला घेतला. आहार आणि आसने हे त्या वेळी दोघांमधील पत्रव्यवहाराचे विषय होते.

१९३० च्या दशकात त्यांनी ‘प्राणायाम’ आणि ‘आसने’ या विषयांवर ग्रंथ लिहिले. येल विद्यापीठाशी संबंधित असलेले केरळचे संशोधक के. टी. बेहनन त्याच सुमारास लोणावळ्यात येऊन योग शिकले आणि त्यावर त्यांनी पुस्तक लिहिले. मुंबईत १९३२ मध्ये संस्थेची शाखा निघाली, तर १९३६ मध्ये चर्नी रोडजवळ समुद्रकिनारी आरोग्यकेंद्र उभे राहिले. नोकरदार आणि व्यापारी मुंबईकरांना संन्यास न घेता, कामाच्या धबडग्यातून तासभर काढून योग शिकता येऊ लागला.

एवढ्या मोठ्या देशाला पुरतील असे शिक्षक आणावयाचे कोठून, हा प्रश्न उरलाच होता. त्याचे उत्तर म्हणून १९५० च्या सुमारास लोणावळ्यात गोरधनदास सेक्सरिया योग महाविद्यालय सुरू झाले. योगशिक्षकाला आसनांबरोबर शरीररचनेचे आणि मूळ ग्रंथांचेही ज्ञान हवे, ही त्यामागील भूमिका होती. १९६१ मध्ये योगोपचारांचे रुग्णालय उघडले. डॉ. एस. एल. विनेकर यांच्यासह त्यांनी लिहिलेला योगोपचारांवरील इंग्रजी ग्रंथ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजींचे निधन झाले. त्यांच्या पश्चात योगाचा प्रसार जगभर झाला आणि त्याबरोबर अवास्तव दाव्यांचे पीकही फोफावले. अशा वेळी त्यांच्या जीवनातून मिळणारा धडा अधिकच मोलाचा ठरतो. दुसऱ्याच्या शरीराची आणि आहाराची जबाबदारी स्वीकारणाऱ्याने आपले म्हणणे तपासणीसाठी खुले ठेवले पाहिजे. चार दशकांहून अधिक काळ त्यांनी स्वतः हेच व्रत निष्ठेने पाळले.