नाथमहाराजांचे जाणे

वर्षभर गावोगाव कीर्तने करणारी मंडळी आम्हांस भेटतात. आवाज बसलेला, पाठ धरलेली, घर पाहून महिना लोटलेला. थोडे थांबा म्हटले, की उत्तर ठरलेले : सेवा कशी सोडायची? अशा वेळी आम्हांस पैठणचे श्रीएकनाथमहाराज आठवतात. तेही घरातून बाहेर पडले, पण पहिले जाणे आणि नंतरचे जाणे यांत फार अंतर आहे.

आईबाप लहानपणीच गेलेले. भानुदासांच्या या पणतूला आजोबा चक्रपाणी व आजी यांनी वाढवले. जेमतेम बारा वर्षांचा पोर कोणाला न सांगता देवगिरीस जनार्दनस्वामींकडे निघून गेला. गुरूच्या ओढीने गेला हे खरे. पण मागे त्या दोन म्हाताऱ्या जिवांनी दिवस कसे काढले असतील? चरित्रकार हे दोन ओळींत उरकतात. आम्हांला ते उरकवत नाही.

देवगिरीस मात्र त्यांना निराळेच पाहायला मिळाले. स्वामी निजामशाहीतले किल्ल्याचे अधिकारी. हिशेब, फौजफाटा, तक्रारी, सगळा रगाडा त्यांच्या मागे. तरी गुरुवार ध्यानासाठी राखलेला. त्या दिवशी कारभारास सुटी. एकदा स्वामी समाधीत असता गडावर शत्रू चालून आला, तेव्हा नाथांनीच गुरूंचे चिलखत चढवून गड राखला, अशी कथा आहे. लोक त्यात नाथांचे शौर्य पाहतात. आम्हांस आणखी एक दिसते : आपल्या जागी उभा राहील असा माणूस स्वामींनी आधीच तयार केला होता. तो नसता तर गुरुवार कसला नि समाधी कसली!

पुढे तीर्थयात्रा करून नाथ पैठणास आले, ते घरी न जाता पिंपळेश्वराच्या देवळात उतरले. आजोबांना पत्ता लागला. पैठणातच राहून संसार करावा, अशा आज्ञेचे स्वामींचे पत्र त्यांनी मिळवून ठेवले होते. ते हाती पडले आणि नाथ थांबले. गिरिजाबाईंशी लग्न झाले. पहाटे गोदास्नान, मग पाठ, दुपारी पुराण, रात्री कीर्तन, असा क्रम बसला. दाराशी आलेला उपाशी जायचा नाही. बाहेरचा व्याप उद्धव पाही, आणि चुलीपुढे गिरिजाबाई. या माउलीचे नाव घेतल्यावाचून नाथांचे नाव घेऊ नये.

एकादश स्कंधावरील टीकेचे पाच अध्याय पैठणात झाले. भागवत प्राकृतात आणले म्हणून काशीचे पंडित रागावले, तिकडून बोलावणे आले. उरलेले २६ अध्याय तेथेच लिहून शके १४९५ (इ. स. १५७३) च्या कार्तिकी पौर्णिमेस नाथांनी ग्रंथ पुरा केला. एवढे दूर राहून चित्त ग्रंथात रमले, ते घराची घडी नीट बसलेली होती म्हणूनच, असे आम्हांस वाटते.

खरा घाव पुढे बसला, आणि तोही घरातच. मुलगा हरिपंडित मोठा विद्वान, पण कर्मठ. वडिलांनी प्राकृतात पुराण सांगावे, कोणाच्याही घरी जेवावे, हे त्याला रुचेना. तो बायकोमुलांसह काशीस निघून गेला. नाथ स्वतः त्याला आणायला गेले. त्याने दोन अटी घातल्या : प्राकृत पुराण बंद, परान्न बंद. नाथांनी दोन्ही मानल्या! ज्यांचा श्वासच कीर्तन, ते घर सांधण्यासाठी गप्प बसले. याहून कठीण विसावा आम्हांस ठाऊक नाही. पुढे एका म्हातारीच्या घरी नाथ जेवले. त्यांची पत्रावळ हरिपंडित उचलू लागला, तर एकीखाली दुसरी, अशा हजार निघाल्या, असे सांगतात. मुलगा पायांवर आला आणि वाड्यात प्राकृत पुराण पुन्हा सुरू झाले.

शके १५२१ ची फाल्गुन वद्य षष्ठी. जनार्दनस्वामींची पुण्यतिथीही तीच. या वेळी नाथ न सांगता गेले नाहीत. भाविकांना आधी कळवले, गोदेच्या वाळवंटात कीर्तन केले, सगळ्यांचा निरोप घेतला आणि मग पाण्यात उतरले. त्या षष्ठीस आजही दिंड्या पैठणला येतात.