हॉलेरिथची कार्डं

बॅकअप म्हटलं की आमच्या बॅचला डीबीएमएसची लॅब आठवते. जुन्या सर्व्हरवर बॅकअप घ्या, नव्यावर रिस्टोर करा, रेकॉर्ड्सची संख्या जुळते का बघा, आणि मगच जुना सर्व्हर बंद करा. मला मात्र हल्ली हर्मन हॉलेरिथ आठवतो.

जन्म २९ फेब्रुवारी १८६०, बफेलो, न्यूयॉर्क. स्पेलिंगच्या तासाला हा पठ्ठ्या वर्गाच्या खिडकीतून पळाला होता, असं सांगतात. (आमच्या कॉन्व्हेंटमध्ये खिडक्यांना गज होते, नाहीतर...!) एकोणिसाव्या वर्षी, १८७९ मध्ये, तो कोलंबियातून मायनिंग इंजिनिअर झाला. खाणीत न जाता लागला जनगणनेच्या ऑफिसात.

१८८० ची जनगणना हाताने मोजत बसले होते. सात-आठ वर्षं गेली त्यात. हॉलेरिथने तोडगा काढला. माणसामागे एक कार्ड, आणि माहितीप्रमाणे त्याला भोकं. कार्ड यंत्रात दाबलं की भोक असेल तिथे सुई आरपार जाऊन खालच्या पाऱ्याच्या वाटीत टेकते, सर्किट पूर्ण होतं, काटा एक घर पुढे! १८८९ ला पेटंट मिळालं. १८९० च्या जनगणनेत सहा कोटींहून जास्त लोकांची माहिती कागदावरून कार्डांवर उतरली. माझ्या मते हे जगातलं पहिलं मोठं डेटा मायग्रेशन. एकदा कार्ड झालं की कागदाला हात न लावता शेतकरी किती, विधवा किती, परदेशात जन्मलेले किती, हवं ते मोजा.

१८९६ ला त्याने कंपनी काढली. ती १९११ मध्ये दुसऱ्या कंपन्यांत विलीन झाली आणि १९२४ मध्ये तिचं नाव पडलं आयबीएम.

पण कार्डावर माणसाचं नाव नव्हतं. नुसती भोकं. म्हणजे कार्डांवरून माणसं रिस्टोर होणं शक्यच नव्हतं. नावं होती मूळ फॉर्मवर, आणि ते वॉशिंग्टनला एका सरकारी इमारतीच्या तळघरात, तेही तिजोरीबाहेर रचलेले. १८५० ते १८७० च्या जनगणनांच्या प्रती राज्यांकडे आणि कौंटींकडेही असायच्या. १८९० ला तशी सक्तीच नव्हती. १० जानेवारी १९२१ ला तळघरात आग लागली. साधारण पाव हिस्सा जळाला, निम्मा पाण्याने आणि धुराने खराब झाला. साठीचा हॉलेरिथ तेव्हा त्याच शहरात राहत होता. तो १९२९ मध्ये गेला. उरलेले फॉर्म नष्ट करायला अमेरिकन काँग्रेसने १९३३ मध्ये परवानगी दिली.

बेरजा सगळ्या शाबूत आहेत. नावं उरलीत सहा हजारांच्या थोडी वर.