कुलूप, किल्ली आणि आर्देशीर गोदरेज

मित्रांनो, कुलूप ही काय चीज आहे हे हॉस्टेलमध्ये राहणाऱ्यालाच कळतं. दारव्हा, दिग्रस, उमरखेड, वणी, कुठून कुठून आपण इथे यवतमाळला आलोय. दिवाळीला रूम बंद करून एस.टी. पकडतो तेव्हा आत लॅपटॉप असतो, मार्कशीटची फाइल असते आणि कधी कधी बाबांनी कापूस विकून दिलेले फीचे पैसेही असतात. हे सगळं आपण एका कुलपाच्या भरवशावर सोडतो. पण ते कुलूप विकत घेताना दुकानदाराला फक्त एकच प्रश्न विचारतो, सगळ्यात स्वस्त कोणतं?

म्हणूनच या अंकात मला आर्देशीर गोदरेज यांच्याबद्दल लिहावंसं वाटलं. कॉन्व्हेंटच्या पुस्तकांत मला जेम्स वॅट भेटला, एडिसन भेटला, पण आर्देशीर भेटले नाहीत. त्यांचं आडनाव मात्र घरातल्या कपाटावर रोज दिसायचं.

आर्देशीर यांचा जन्म १८६८ साली मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. तरुणपणीच त्यांच्यावर मोठा आघात झाला. १८९१ मध्ये त्यांच्या पत्नी बचूबाई यांचा राजाबाई टॉवरवरून पडून मृत्यू झाला. त्या वेळी त्या अवघ्या वीस वर्षांच्या, म्हणजे आपल्याच वयाच्या होत्या. आर्देशीर यांनी पुन्हा लग्न केलं नाही.

ते वकील झाले आणि एका खटल्यासाठी आफ्रिकेत झांझिबारला गेले. पण ज्या गोष्टीची आपल्याला खात्री नाही ती कोर्टात ठामपणे मांडणं त्यांच्याच्याने होईना. त्यांनी वकिलीच सोडली आणि मुंबईला परत आले. मग मेरवानजी कामा यांच्याकडून तीन हजार रुपये कर्ज घेऊन ऑपरेशनची हत्यारं बनवायला सुरुवात केली. माल चांगला होता, पण घेणाऱ्या कंपनीला त्यावर भारतात बनवल्याचा शिक्का नको होता. आर्देशीर यांना तो शिक्का हवाच होता. झालं, तोही धंदा बुडाला.

दोन वेळा अपयश, डोक्यावर कर्ज. आपण असतो तर काय केलं असतं? त्यांनी पेपरमध्ये मुंबईतल्या घरफोड्यांच्या बातम्या वाचल्या आणि कुलपं बनवायचं ठरवलं. कामा यांनी पुन्हा मदत केली. १८९७ च्या मे महिन्यात लालबागला एका छोट्याशा शेडमध्ये काम सुरू झालं.

आता थोडं टेक्निकल. लिव्हरच्या कुलपात पितळेच्या किंवा लोखंडाच्या पातळ पट्ट्या एकावर एक बसवलेल्या असतात. प्रत्येक पट्टीला एक खाच असते. किल्लीचे दाते प्रत्येक पट्टीला ठरावीक उंचीवर उचलतात. सगळ्या खाचा एका रेषेत आल्या तरच बोल्ट सरकतो. एखादी पट्टी जरा कमी किंवा जरा जास्त उचलली गेली तरी कुलूप उघडत नाही. हे तत्त्व इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरनने १७७८ सालीच पेटंट केलं होतं. पण १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने चब कंपनीचं नावाजलेलं कुलूप किल्लीशिवाय उघडून दाखवलं आणि सगळे हादरले. म्हणजे नुसत्या नावावर जाऊन चालत नाही. पट्ट्या किती, खाचा किती अचूक, फिटिंग किती घट्ट, खरा खेळ तिथे आहे. आपण वर्कशॉपमध्ये फाईल घासताना टॉलरन्सला कंटाळतो ना, त्याच टॉलरन्सवर चोर अडतो किंवा आत शिरतो.

आर्देशीर यांनी नेमकं हेच धरलं. एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लागता कामा नये, यावर त्यांचा कटाक्ष होता, आणि कुलपासोबत ते गॅरंटी देत. स्प्रिंग हा कुलपाचा नाजूक भाग, ती थकते, तुटते. म्हणून पुढे त्यांनी स्प्रिंग नसलेलं कुलूप तयार करून त्याचं पेटंट घेतलं. मग तिजोऱ्या आल्या, आणि नंतर प्राण्यांची चरबी न वापरता वनस्पती तेलाचा साबण आला. त्याचं नाव काय ठेवलं असेल? चावी!

स्वदेशीवर त्यांचं मनापासून प्रेम होतं. आपल्या वणीचे लोकनायक बापूजी अणे ज्या लोकमान्यांचे अनुयायी, त्यांच्या नावाच्या टिळक स्वराज्य फंडाला आर्देशीर यांनी १९२१ मध्ये तीन लाख रुपये दिले. पण देशी आहे म्हणून कच्चा माल लोकांनी चालवून घ्यावा, हे त्यांना अजिबात मान्य नव्हतं. मला त्यांच्यातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. जानेवारी १९३६ मध्ये ते गेले. पुढे १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीसाठी त्यांच्या कंपनीच्या विक्रोळीच्या कारखान्यात बारा लाखांहून जास्त मतपेट्या बनल्या.

मग आपण कुलूप कोणतं घ्यायचं? माझ्या मते चार गोष्टी बघा. एक, लिव्हर किती आहेत ते विचारा, जास्त आणि अचूक असतील तितकं बरं. दोन, वरची कडी कडक पोलादाची हवी, आणि ती जितकी कमी उघडी राहील तितकी करवत किंवा पहार घालायला जागा कमी. तीन, किल्ल्या किती मिळाल्या ते मोजा आणि कोणाकडे आहेत ते लक्षात ठेवा. पार्टनरच्या मित्राकडे तिसरी किल्ली असेल तर दहा लिव्हरही काही करणार नाहीत. चार, दाराचा कोयंडा हलवून बघा. बरेचदा कुलूप जसंच्या तसं राहतं आणि कोयंडाच स्क्रूसकट उपटून येतो. तो ढिला असेल तर आधी रेक्टर सरांना सांगून बोल्ट मारून घ्या, मग महागाच्या कुलपाचा विचार करा.

आणि वर्षा-दोन वर्षांत आपणही इंजिनिअर होऊ. आपण बनवलेल्या वस्तूच्या भरवशावर कोणीतरी घर सोडून गावाला जाईल. त्याला आत काय आहे ते उघडून बघता येणार नाही, तो फक्त आपल्या शब्दावर विश्वास ठेवेल. आर्देशीर यांनी आधी दोन धंदे सोडले ते याच शब्दासाठी.