मंडालेचा बंदिवान आणि मधुमेह

लोकमान्य टिळकांचें चरित्र आपणांस ठाऊक आहे असें प्रत्येक विद्यार्थी समजतो. रत्नागिरीचा जन्म, शेंगांच्या टरफलांची गोष्ट, केसरी आणि मंडाले, एवढ्यावर त्याची धांव संपते. परंतु या पुरुषानें उतारवयांत ज्या रोगाशीं वर्षानुवर्षें झुंज दिली, त्याचा उल्लेख क्रमिक पुस्तकांत क्वचितच आढळतो. तो रोग मधुमेह होय. नवी मुंबईंतील बहुतेक घरांत हा शब्द आजी-आजोबांमुळें परिचित आहे. कांहीं घरांत तो शाळेंत जाणाऱ्या मुलांमुळें परिचित झाला आहे, आणि त्या मुलांसाठींच चरित्राची ही बाजू येथें सांगावयाची आहे.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा. देहयष्टी मूळची किरकोळ होती. पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेल्यावर त्यांनीं पहिलें वर्ष जवळजवळ व्यायामांतच घालविलें. परीक्षा बुडाली, पण शरीर कमावलें गेलें. (आईबापांनीं हें वाक्य मुलांस मोठ्यानें वाचून दाखवावें कीं नाहीं, हें त्यांचें त्यांनीं ठरवावें.) १८७७ सालीं ते बी. ए. झाले. १८८० सालीं न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८१ सालीं केसरी व मराठा हीं पत्रें, या उद्योगांत विष्णुशास्त्री चिपळूणकर व आगरकर यांच्या जोडीनें ते पडले. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे.

२२ जुलै १९०८ रोजीं, म्हणजे बावन्नावा वाढदिवस एका दिवसावर असतांना, मुंबईच्या हायकोर्टांत त्यांस राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी ब्रह्मदेशांत मंडालेस झाली. राहण्याची कोठडी लांकडी होती. तेथील उन्हाळा असह्य असे, आणि देहांत मधुमेह होता. त्या काळीं या रोगावर औषध असें नव्हतेंच. लघवींत साखर किती जाते एवढें वैद्यांस तांब्याच्या क्षारांच्या द्रावणानें समजे, आणि साखर वाढली कीं पिष्टान्न तोडा, हाच काय तो उपाय. टिळकांनीं तो पत्करला. भातपोळी बाजूस सारून सातूचें पीठ व दूध यांवर त्यांनीं भर दिला. आवडीचें अन्न एक दिवस सोडणें सोपें असतें. तेंच वर्षानुवर्षें, तुरुंगांत, आप्तस्वकीयांपासून शेंकडों कोस दूर राहून सोडणें किती कठीण, हें ज्याच्या घरीं मधुमेही आहे त्यासच कळेल.

या स्थितींत १९१०-११ च्या हिंवाळ्यांत, अवघ्या पांच महिन्यांच्या आंत, त्यांनीं गीतारहस्याचा खर्डा पेन्सिलीनें लिहून काढला. सुटे कागद मिळत नसत. बांधलेल्या, पानें मोजलेल्या वह्यांतच लिहावें लागे. १९१२ सालीं पत्नी सत्यभामाबाई पुण्यास वारल्याची वार्ता त्यांस तेथेंच कळली. जून १९१४ मध्यें सुटका झाली, आणि ग्रंथ १९१५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यानंतर होमरूलची चळवळ, विलायतची सफर आणि चिरोल खटल्याचा मनस्ताप, यांत विश्रांति कसली ती मिळाली नाहीं. जुलै १९२० मध्यें मुंबईस क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहांत ते तापानें आजारी पडले, आणि १ ऑगस्ट १९२० रोजीं मध्यरात्रीनंतर त्यांचें देहावसान झालें.

आतां एक तारीख लक्षांत घ्यावी. ११ जानेवारी १९२२ रोजीं कानडा देशांतील टोरोंटो शहरीं लेनर्ड थॉम्प्सन नांवाच्या चौदा वर्षांच्या, हाडांचा सांपळा झालेल्या मुलास इन्शुलिनचें पहिलें इंजेक्शन दिलें गेलें. तें शुद्ध नसल्यानें फारसें लागू पडलें नाहीं. कॉलिप यांनीं अर्क अधिक शुद्ध केला, २३ जानेवारीपासून पुन्हां टोंचणी सुरू झाली, आणि मुलगा सुधारूं लागला. बँटिंग व बेस्ट यांच्या या शोधाआधीं अशा मुलांस जवळजवळ उपाशी ठेवून कांहीं महिने जगवीत, एवढेंच शक्य होतें. लोकमान्यांच्या मृत्यूस तेव्हां अवघे १७ महिने झाले होते. इन्शुलिन मिळतें तर ते वांचले असते, असें म्हणणें मात्र धाडसाचें होय. अखेरचें दुखणें तापाचें होतें. त्यांचा मधुमेह प्रौढपणीं जडणाऱ्या जातीचा असावा, कारण इन्शुलिनवांचून ते कित्येक वर्षें काम करूं शकले. लेनर्डच्या जातीचा मधुमेह असता तर मंडालेचीं सहा वर्षेंही निभलीं नसतीं.

लेनर्डसारख्या मुलांसाठीं विद्या आतां फार पुढें गेली आहे. निरोगी देहांत स्वादुपिंड दिवसरात्र थोडें थोडें इन्शुलिन सोडतें, आणि जेवणाच्या वेळीं अधिक. इन्शुलिनचा पंप हेंच काम बाहेरून करतो. कमरेस लावलेल्या लहानशा यंत्रांतून बारीक नळीवाटे औषध त्वचेखालीं झिरपत राहतें. दंडावर वा पोटावर लावलेला संवेदक दर कांहीं मिनिटांनीं त्वचेखालच्या द्रवांतील साखर मोजतो. दोहोंची सांगड घातली कीं साखर उतरूं लागतांच यंत्र इन्शुलिन कमी करतें किंवा थांबवितें. या जातीचें पहिलें संमिश्र यंत्र २०१६ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. तरी तें सर्वज्ञ नव्हे. त्वचेखालची साखर रक्ताच्या मागें कांहीं मिनिटें रेंगाळते. जेवणांत पिष्ट किती, हें बहुतेक यंत्रांस माणसानेंच सांगावें लागतें. नळी तुंबली तर कांहीं तासांतच प्रकृति धोक्यांत येते, म्हणून टोंचणीचें साहित्य जवळ ठेवावें लागतें. खर्चही सामान्य घरास जड आहे, आणि म्हणून आजही पुष्कळ मुलें दिवसांतून चारपांच वेळां सुई टोंचून घेऊनच शाळेंत येतात.

वर्गांत एखाद्याच्या दंडावर रुपयाएवढी चकती दिसली आणि तासाच्या मध्यें तिचा इशारा वाजला, तर हंसूं नये व तिला हातही लावूं नये. तो इशारा बहुधा साखर उतरल्याचा असतो. त्या मुलास घाम सुटतो, हातपाय कांपतात, उत्तर ठाऊक असूनही सुचत नाहीं. अशा वेळीं शिक्षकांच्या परवानगीची वाट न पाहतां त्यास साखर किंवा गोड सरबत घेऊं द्यावें, आणि तो सावध होईपर्यंत कोणीतरी त्याच्या शेजारीं बसावें.