कलाभवनाचे त्रिभुवनदास गज्जर

त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचा जन्म १८६३ मध्ये सुरतेतील एका सुतार कुटुंबात झाला. ज्याच्या हाती मापाचा गज तो गज्जर, असे हे आडनाव. घरात लाकूडकाम पिढीजात होते. त्रिभुवनदास मात्र मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकले आणि पुढे बडोदे महाविद्यालयात अध्यापक झाले. शिकलेल्याने हाताने काम करणे त्या काळी कमीपणाचे मानले जाई. गज्जरांचा सारा जन्म या समजुतीशी झगडण्यात गेला.

त्यांच्या डोळ्यांसमोर गुजरातेतील रंगारी होते. मंजिष्ठेच्या मुळांपासून लाल रंग काढणारी ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या आपले काम चोख करीत आली होती. जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झालेला तोच रंग स्वस्तात बाजारात आला आणि जुनी कृती निरुपयोगी ठरली. नवा रंग कापडावर पक्का कसा बसवावा, हे समजण्यासाठी रसायनशास्त्र हवे होते आणि ते तर इंग्रजी पुस्तकांत बंद! रंगाऱ्याच्या मुलाने आधी इंग्रजी शिकावे आणि मग रंग शिकावा, ही अट गज्जरांना मान्य नव्हती.

महाराज सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने जून १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन सुरू झाले. गज्जर त्याचे पहिले प्रमुख. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम, वास्तुविद्या, चित्रकला असे विषय तेथे होते. खरे धाडस विषयांच्या निवडीपेक्षा भाषेच्या निवडीत होते. शिक्षण मातृभाषेतून द्यायचे ठरले, आणि बडोदे संस्थानात मातृभाषा म्हणजे गुजराती व मराठी दोन्ही. पाठ्यपुस्तके नव्हती, परिभाषा नव्हती. तेव्हा गज्जरांनी शास्त्रीय संज्ञांच्या कोशाचे आणि देशी भाषांतील ग्रंथमालेचे कामही हाती घेतले. शाळा चालवता चालवता तिची भाषाही घडवायची, हे ओझे केवढे असेल! ज्यांनी कधी मराठीतून विज्ञान शिकवले आहे त्यांना ते वेगळे सांगायला नको.

नाशिककडचा एक हरहुन्नरी तरुण छायाचित्रण शिकायला कलाभवनात आला होता. त्याचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ त्याचाच.

१८९६ मध्ये गज्जर बडोदे सोडून मुंबईस आले, विल्सन महाविद्यालयात शिकवू लागले. त्याच सुमारास राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला कोणी डांबर फासले होते. इतरांना न जमलेले ते डाग गज्जरांनी काढले आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. मात्र त्यांच्या योग्यतेचे माप या प्रसंगाने घेणे अन्यायाचे ठरेल. शिकून तयार झालेल्या मुलांनी जायचे कोठे, हा प्रश्न त्याहून कठीण होता. देशात कारखानेच थोडे. ते आपल्या विद्यार्थ्यांनीच काढावेत, असे गज्जरांनी मनावर घेतले. १९०७ मध्ये कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन या शिष्यांसह त्यांनी उभारलेला ‘अलेम्बिक’ हा रसायनांचा कारखाना बडोद्यात नावारूपास आला.

१९२० मध्ये गज्जरांचे निधन झाले. कलाभवन पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेत सामावले गेले. तेथे आता इंग्रजीतून शिकवतात.