विसरण्याचा हिशेब ठेवणारा माणूस

परीक्षा जवळ आली की घराघरांतून एक तक्रार ऐकू येते. मुलगा रात्रभर वाचतो, सकाळी सगळे म्हणून दाखवतो आणि आठवड्याने विचारले तर कोरा चेहरा करतो. पालक म्हणतात, त्याचे लक्ष नाही. मुलाला वाटते, आपली बुद्धीच कमी. यात दोष बहुधा मुलाचा नसतो, पद्धतीचा असतो. हे सुमारे 140 वर्षांपूर्वी एका जर्मन माणसाने आकड्यांनिशी दाखवून दिले. त्याने त्यासाठी वापरलेले एकमेव डोके स्वतःचेच होते. त्याचे नाव हर्मान एबिंगहाउस.

24 जानेवारी 1850 रोजी जर्मनीतील बार्मेन या गावी, एका व्यापाऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. बॉन विद्यापीठात तो इतिहास आणि भाषांच्या अभ्यासासाठी गेला, पण रमला तत्त्वज्ञानात. 1870 मध्ये फ्रान्सशी युद्ध पेटले तेव्हा शिक्षण अर्धवट सोडून तो सैन्यात दाखल झाला. परतल्यावर 1873 मध्ये त्याने डॉक्टरेट मिळवली. पुढची काही वर्षे इंग्लंड आणि फ्रान्समध्ये शिकवण्या करून त्याने पोट भरले. याच काळात जुन्या पुस्तकांच्या दुकानात गुस्ताव फेकनर यांचा एक ग्रंथ त्याच्या हाती पडला. प्रकाश, वजन, आवाज यांची जाणीव मोजता येते, असे फेकनर यांनी त्यात मांडले होते. एबिंगहाउसच्या मनात प्रश्न उभा राहिला: जाणीव मोजता येत असेल, तर स्मृती का नाही?

त्या काळी हा प्रश्न धाडसाचा होता. स्मरण, विचार यांसारख्या गोष्टींवर प्रयोग होऊच शकत नाहीत, असा जाणकारांचा समज होता. एबिंगहाउसजवळ प्रयोगशाळा नव्हती, सहकारी नव्हते, पैसाही नव्हता. त्याने स्वतःलाच प्रयोगाला बसवले.

पहिली अडचण अशी की कविता किंवा उतारा पाठ करताना अर्थ, यमक, जुन्या आठवणी मदतीला येतात. मग निव्वळ स्मृतीचे काम किती, हे कसे कळणार? यावर त्याने निरर्थक अक्षरगट तयार केले. व्यंजन, स्वर, व्यंजन अशी त्यांची रचना असे. आपल्याकडे 'झूप', 'बेख', 'नॉफ' म्हणावे तसे. असे सुमारे 2300 गट त्याने बनवले. ते सरमिसळ करून त्यातून यादी काढायची, घड्याळाच्या ठेक्यावर ठरावीक वेगाने वाचायची आणि न चुकता म्हणता येईपर्यंत वाचत राहायचे, असा नेम त्याने 1879-80 मध्ये आणि पुन्हा 1883-84 मध्ये पाळला. दिवसाची वेळसुद्धा ठरलेली असे. संध्याकाळी पाठांतराला जास्त वेळ लागतो, हे त्याने नोंदवून ठेवले होते.

मोजण्याची त्याची युक्ती फार साधी होती. एखादी यादी प्रथम पाठ करायला 20 मिनिटे लागली आणि काही दिवसांनी तीच पुन्हा पाठ करायला 12 मिनिटे पुरली, तर 8 मिनिटे, म्हणजे 40 टक्के श्रम वाचले. आपल्याला काहीच आठवत नाही असे वाटत असतानाही डोक्यात काहीतरी शिल्लक असते. ही शिल्लक त्याने प्रथमच मोजली.

निकाल चकित करणारे होते. पाठ झाल्यावर 20 मिनिटांनी बचत सुमारे 58 टक्के उरे, तासाभराने 44, एका दिवसाने 34, सहा दिवसांनी 25 आणि महिन्याभराने 21 टक्के. विसरणे सुरुवातीला कड्यावरून कोसळावे तसे होते आणि नंतर उतार सौम्य होतो. 2015 मध्ये ॲमस्टरडॅममधील संशोधकांनी हाच प्रयोग नव्याने केला, तेव्हा वक्ररेषा जवळपास तशीच आली.

आपल्या दृष्टीने त्याचा दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा आहे. 12 अक्षरगटांची यादी एकाच दिवशी 68 वेळा वाचून दुसऱ्या दिवशी जो फायदा झाला, तोच फायदा तीन दिवसांत विभागून केलेल्या केवळ 38 वाचनांनी मिळाला. श्रम जवळपास निम्मे, फळ तेच. त्याने बायरनच्या 'डॉन जुआन' या काव्याची कडवीही पाठ केली. अर्थपूर्ण मजकुराला निरर्थक अक्षरांच्या सुमारे एक दशांश श्रम पुरले. म्हणजे घोकंपट्टीच्या आधी समजून घेणे, हा सल्लाही त्याच्याच वहीतून निघतो.

1885 मध्ये हे सारे 'स्मृतीविषयी' या छोट्या पुस्तकात प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी तो बर्लिनमध्ये प्राध्यापक झाला. 1890 मध्ये त्याने आर्थर क्योनिग यांच्यासह मानसशास्त्राचे एक नियतकालिक सुरू केले. मात्र लेखन कमी, म्हणून बर्लिनमध्ये त्याला पुढची बढती मिळाली नाही आणि 1894 मध्ये तो ब्रेस्लाऊला गेला. तिथे शाळेच्या सलग तासांनी मुले किती थकतात, हा प्रश्न त्याच्यापुढे आला. त्यासाठी त्याने गाळलेल्या जागा भरण्याची चाचणी तयार केली. पुढे आल्फ्रेड बिने यांनी तिचा आपल्या बुद्धिमापनात उपयोग केला. 1905 मध्ये तो हाले येथे गेला आणि 26 फेब्रुवारी 1909 रोजी न्यूमोनियाने, वयाच्या 59व्या वर्षी वारला. प्रतिजैविके यायला अजून अवकाश होता.

मेंदूत हे कसे घडते, ते त्याला ठाऊक असणे शक्य नव्हते. ते पुढे एरिक कँडेल यांच्यासारख्यांनी समुद्री गोगलगायीवर अभ्यासले. दिवसांच्या अंतराने दिलेल्या सरावाचा परिणाम आठवडे टिकतो आणि चेतापेशींमधील जोडण्या खरोखर बदलतात, असे त्यांना आढळले. हे बांधकाम व्हायला वेळ लागतो, झोपही लागते. रात्र जागून केलेला अभ्यास म्हणूनच दुहेरी तोट्याचा.

बाह्यरुग्ण विभागात पन्नाशीची माणसे घाबरून येतात: नावे आठवत नाहीत, हा स्मृतिभ्रंश तर नाही ना? बहुतेकांना मी सांगतो, एकदाच ऐकलेले नाव विसरणे हा आजार नाही. मात्र ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, पैशांच्या व्यवहारात गोंधळ होणे, ही लक्षणे दिसली तर तपासणी लांबवू नये. थायरॉइडची किंवा ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य अशी उपचाराने सुधारणारी कारणेही त्यामागे असू शकतात.

आणि मुलांसाठी: आज शिकलेले संध्याकाळी एकदा, उद्या एकदा, चार दिवसांनी आणि पंधरवड्याने एकदा, पुस्तक मिटून आठवून पाहावे. अडले तेवढेच पुन्हा वाचावे. आपल्या आजीआजोबांच्या काळी पाढे रोज संध्याकाळी दिवेलागणीला म्हणवून घेत. त्यांनी एबिंगहाउसचे नाव ऐकले नव्हते, पण उजळणी रोज थोडी हवी, एवढे त्यांना नक्की माहीत होते.